सहीची गिटार

उर्दूत तुम्ही ज्याला ‘शौक’ म्हणता, त्याला मराठीत छंद म्हणतात. कुणाला तिकिटांचा छंद असतो, कुणाला नाण्यांचा. नालासोपाऱ्यात आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका तरुणाला इलेक्ट्रिक गिटारचा छंद आहे. वसईतल्या नाताळात आणि लग्नांत गिटार ऐकतच तो मोठा झाला. दोन गिटारी त्याच्याकडे आहेत. तिसरीसाठी तो दरमहा पगारातून पैसे बाजूला काढतो. पण ती साधी नको, आवडत्या वादकाच्या सहीची हवी! त्याचे अब्बा सुतारकाम करतात. ते मला म्हणाले, “सर, लाकूड तेच, तारा त्याच. मग सहीचे पैसे कशाला?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वरची तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि अॅम्प्लिफायरमधून मोठा आवाज येतो. पुष्कळ सहीच्या गिटारींत हा भाग किंवा दांडीची जाडी त्या वादकाच्या पसंतीची असते. तेवढ्यापुरते जादा पैसे समजू शकतात.

1952 साली अमेरिकेतील गिब्सन कंपनीने लेस पॉल या वादकाच्या नावाची गिटार बाजारात आणली. पुढे ही रीतच पडली. एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकाने 1970 साली अमेरिकेत काही जुन्या गिटारी घेतल्या आणि त्यांपैकी तिघींचे उत्तम भाग जोडून एक काळी गिटार तयार केली. तिला तो ‘ब्लॅकी’ म्हणे. 1985 च्या सुमारापर्यंत हीच त्याची लाडकी गिटार होती. 2004 साली लिलावात तिला 9 लाख 59 हजार 500 डॉलर मिळाले. क्लॅप्टनने व्यसनमुक्तीचे एक केंद्र काढले आहे. हा लिलाव त्या केंद्रासाठीच होता. 2006 मध्ये फेंडर कंपनीने ब्लॅकीच्या हुबेहूब 275 प्रती काढल्या. हुबेहूब म्हणजे ओरखडे आणि उडालेला रंगसुद्धा! नव्या वाद्यावर मुद्दाम ओरखडे काढायचे आणि त्यांचे पैसे घ्यायचे, हे मला तरी पटत नाही. ब्लॅकीचे ओरखडे खरे होते. त्यांत वर्षानुवर्षांचा रियाज होता.

आता आपल्याकडे पाहा. सांगली जिल्ह्यातील मिरजेला सतारी आणि तंबोरे बनतात. तेथील शिकलगार पूर्वी हत्यारांना धार लावीत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वाळवलेला भोपळा, त्याला जोडलेली पोकळ दांडी, खुंट्या, घोडी. आणि घोडी घासून घासून तारेला गुंजत ठेवणारी जवारी. जवारी कानाने साधायची असते. त्याला माप नाही. मैफलीत टाळ्या गायकाला मिळतात. मागचा तंबोरा कुणी घडवला, हे श्रोत्यांपैकी क्वचितच कुणी विचारतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सही मिळाली म्हणायची, पण गावाची.

मग सहीवाचून कुणी काही जमवतच नाही का? पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी जमवले. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचे वेड लागले. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, आणि वाद्ये तर एक दालन भरून! त्यासाठी ते गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. जमलेल्या सुमारे 20 हजार वस्तूंपैकी बहुतेकींच्या कारागिरांची नावे आज कुणालाही ठाऊक नाहीत. काम चांगले आहे ना, एवढेच केळकर पाहत. 1975 साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

केळकर कवीही होते. कविता ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. संग्रहालयाला त्यांनी बालपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे नाव दिले. बाजीराव रस्त्याजवळ ते आहे: राजा दिनकर केळकर संग्रहालय. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते, तेवढेच काय ते त्यांचे.