औषधाचा रकाना

उन्हाळी शिबिरांचे फॉर्म निघायला लागलेत, म्हणून आजच लिहितेय. थोडं लांबलंय. पण पोरांना खेळायला पाठवणाऱ्यांनी आणि पोरांना खेळवणाऱ्यांनीही शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी इथे सोलापुरात लेकाला क्रिकेटच्या शिबिरात घातलं. वय दहा. फॉर्मवर एक रकाना होता, 'मूल नियमित औषध घेतं का?' मी 'नाही' लिहिलं. खोटं लिहिलं.

लेकाला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, अंग एका जागी ठरत नाही. दीड वर्षापासून रोज सकाळी मिथाइलफेनिडेटची गोळी चालू होती. मग खोटं का लिहिलं? त्याआधी एका ठिकाणी खरं सांगून झालं होतं. तिथल्या सरांनी फॉर्म परत सरकवला. "ताई, तुमचं बरोबर आहे हो, पण उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" घरी सासूबाई म्हणाल्या, "कशाला गावभर सांगायचं? डोक्याची गोळी म्हटलं की लोक भलतंच समजतात." मला ते पटलं.

शिबिराच्या आठव्या दिवशी फोन आला. पोरगं मैदानात बसलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. जवळच्या दवाखान्यात पोहोचले तर डॉक्टर विचारत होते, "काही औषधं चालू आहेत का?" सर म्हणाले, "नाही, फॉर्मवर 'नाही' लिहिलंय." तेव्हा टेबलावर झोपलेला लेकच बोलला, "मी गोळी घेतो. आई म्हणते सांगायचं नाही."

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. दहा वर्षांच्या पोराला मी काय शिकवत होते, तर तुझ्यात लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे.

पोरगं पाणी, मीठ-साखर आणि सावलीत बरं झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या मनोविकारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी नीट समजावलं. या गोळीने भूक मरते, म्हणजे पोरगं अर्धपोटी मैदानात गेलेलं. नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो. दमल्याची जाणीवही उशिरा होऊ शकते. त्यात सोलापूरचं ऊन. "खेळ बंद करू का?" विचारलं तर म्हणाल्या, "अजिबात नाही. खेळ त्याच्यासाठी चांगलाच आहे. फक्त वेळ, पाणी, खाणं आणि खेळ, चारही बघून ठरवा. आणि मॅचसाठी म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका." घरात कोणाला कमी वयात हृदयविकार होता का, खेळताना याला कधी चक्कर आली होती का, हे त्यांनी गोळी सुरू करतानाच विचारलं होतं. आता पुन्हा तपासलं.

प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, हेही तेव्हा कळलं. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी घाम येण्याची आणि शरीर थंड ठेवण्याची क्रिया मंदावते. लिथियम घेणाऱ्या मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातली औषधाची पातळी वाढते. काही औषधांनी झोप येते, काहींनी वजन वाढतं. झापड येत असेल तर पोहण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. शेजारणीच्या मुलाला जमलं म्हणून आपल्याला जमेल, असं नाही.

मग खेळाची निवड. क्रिकेटमध्ये याला सीमारेषेवर उभं करायचे. दहा दहा मिनिटं चेंडू फिरकत नाही आणि हा आकाशातल्या घारी मोजतो. पोहण्यात एकाच रेषेत जाऊन परत यायचं, त्याला कंटाळा. खो-खो त्याचा त्यानेच शोधला. पाटीवर बसलं तरी कोणत्याही क्षणी पाठीवर थाप पडू शकते, त्यामुळे मन भटकायला वेळच नाही. खो मिळण्याआधीच उठतो, फाऊल होतो, पोरं ओरडतात. पण शिकतोय.

तिथे मी रकान्यात खरं लिहिलं, हात थरथरत होता. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "बरं. पाणी किती वेळाने पाजायचं तेवढं सांगा." एवढंच! आता संध्याकाळची बॅच. त्या वेळी गोळीचा असर उतरलेला असतो, थोडी चिडचिड होते, हेही सरांना माहीत आहे. खाऊन गेल्याशिवाय मैदानात पाऊल नाही.

पुढे मोठ्या स्पर्धा खेळायच्या असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मिथाइलफेनिडेट 'वाडा'च्या यादीत स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं आहे. धडधड कमी करायला देतात त्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या तिरंदाजी आणि नेमबाजीत चालत नाहीत. उपचारासाठी रीतसर सूट मागता येते, पण त्यासाठी आधी सांगावं लागतं. 2016 मध्ये हॅकर्सनी सिमोन बाइल्सची गोपनीय कागदपत्रं फोडली, तेव्हा तिने स्वतःच जाहीर केलं की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच वर्षी रिओत तिने चार सुवर्णपदकं जिंकली होती.

दम्याच्या पोराचा पंप आपण बिनधास्त सरांच्या हातात देतो. मग ही गोळी का लपवतो? कारण सांगितलं की दार बंद होतं. म्हणून शिबिरं चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती. तो रकाना पोरगं गाळायला ठेवू नका, सांभाळायला ठेवा. त्याखाली आणखी तीन प्रश्न टाका: औषध कधी घेतो, कशाची काळजी घ्यायची, अडचण आली तर फोन कोणाला. आणि उत्तर व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलंय, तेवढा संकेत मैदानावरही पाळूया.

आणि आईबाबांनो, खरं लिहा. एखादं दार बंद झालं तर दुसरं शोधू. पण डॉक्टर विचारतील तेव्हा पोराला माझ्या लेकासारखं भीत भीत सांगावं लागू नये.