गोळी घेतली ना?

औषध वेळच्या वेळीं घेणें ही गोष्ट निरोगी माणसास फार सोपी वाटते. चार दिवसांचा ताप असेल तर ती सोपी असतेही. परंतु पांच पांच वर्षें, आणि तेंही वरवर कांहीं दुखत नसतांना, रोज एक गोळी घ्यावयाची म्हणजे तें एक व्रतच होय. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर आमच्या काकूंच्या वांट्यास हें व्रत आलें. रोग पुन्हां उलटूं नये म्हणून शरीरांतील इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी त्यांना दिली होती.

आठवण देणारा संदेश रोज रात्रीं मोबाइलवर येई. पण नोंदविलेला मोबाइल होता आमच्या चुलतबंधूंचा. संदेश येतांच ते दिवाणखान्यांतून विचारीत, "आई, गोळी घेतली ना?" आंतून उत्तर येई, "हो रे." पुढें सहा महिन्यांनीं सूनबाईंनीं औषधांचा डबा आवरला, तेव्हां न फोडलेल्या चार पट्ट्या निघाल्या. सकाळीं बोटें इतकीं आखडत कीं कणीक तिंबवेना. म्हणून काकूंनीं आपण होऊनच गोळी सोडली होती. "तुम्हांला आणखी किती घोर लावूं?" एवढेंच त्या म्हणाल्या.

येथें विस्मृतीचा दोष मुळींच नव्हता. विसरणाऱ्यास संदेश जागें करील. सोसवत नाहीं म्हणून थांबलेल्यास तो काय करणार? अमेरिकेंत याच जातीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारें सातशें स्त्रियांपैकीं निम्म्यांना आठवड्यांतून दोनदां, तीन वर्षेंपर्यंत असे संदेश पाठविले. २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, गोळी नेमानें घेण्याच्या बाबतींत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. उलट न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयांत वाढलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांची पाहणी झाली. त्यांतील कांहींनीं आपला त्रास संगणकावरून वेळोवेळीं कळवावा आणि तो वाढल्यास परिचारिकेस सूचना जावी, अशी योजना होती. २०१७ सालच्या अहवालाप्रमाणें त्यांचें आयुर्मान मध्यकानें सुमारें ३१ महिने भरलें, इतरांचें २६. साधन निराळें, रोगाची पायरीही निराळी. पण सांगण्यापेक्षां विचारण्यांत बळ अधिक, हा बोध आम्हांस त्यांतून मिळतो.

काकूंची हकीकत कळल्यावर डॉक्टरांनीं कांहीं आठवडे विश्रांति देऊन त्याच वर्गांतील दुसरी गोळी सुरू केली. आखडणें पुष्कळ कमी झालें. आतां त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर नात दर रविवारीं लिहिते, "आजी, या आठवड्यांत बोटें कशीं होतीं?" उत्तर चांगलें लांबलचक येतें, आणि त्यांतील महत्त्वाचें तें डॉक्टरांस कळविलें जातें.

ज्या घरांत असे संदेश येतात, तेथें तीन गोष्टी पाहाव्या. संदेश रुग्णाच्या हातीं पडावा आणि त्यांत रोगाचें नांव नसावें. घरांतील मोबाइल दहा जण पाहतात. दुसरें, तो औषधाच्या क्रमाशीं जुळावा. कॅपेसिटाबिनसारखी गोळी पुष्कळदां १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबवावयाची असते. त्या सात दिवसांत आलेली आठवण घातक ठरेल. चुकलेली गोळी दुसऱ्या वेळीं दुप्पट घेऊं नये, डॉक्टरांस विचारावें. तिसरें, उत्तर देण्यास वाव असावा, व तें वाचणारें कोणी असावें. "हो" म्हणून प्रश्न मिटविणें आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रियांना फार सहज साधतें, म्हणून "घेतली ना?" याच्या पुढें "सोसते ना?" हेंही विचारीत जावें.