संथ शर्यत

गेल्या हिवाळ्यात अधारतालच्या आमच्या घरी मी स्नेह्यांसाठी सायकलींचा एक लहानसा मेळा भरविला. राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावावरून या वस्तीला हे नाव पडले. पाहुणे सहा, सायकली दोन आणि बक्षीस खव्याच्या जिलब्यांचे.

दोन्ही सायकलींची फ्रीव्हीले कारागिराकडून वेल्डिंगने पक्की करून घेतली होती. अशा सायकलीचे चाक फिरते तोवर पायडलही फिरतेच. उतारावरसुद्धा पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत. वेग आवरायचा तर पायांनीच विरोध करावा लागतो. जपानमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या केइरिन शर्यतींतील सायकलींना तर ब्रेकच नसतात. आम्ही मात्र ते ठेवले होते.

शर्यत होती मागे राहण्याची. अंतर पन्नास पावलांचे. दोघादोघांनी निघायचे, पाय टेकला की बाद. पायडल किंचित मागेपुढे करीत जवळजवळ जागच्या जागी तोल सांभाळणे या सायकलीवर साधते; पण त्यासाठी सारे शरीर राबत असते.

जिंकला तो आमचा एक अबोल मित्र. पत्नी गेल्यापासून वर्षभर तो कुठे गेलाच नव्हता. ‘नुसता बसून असतो,’ असे लोक म्हणत. त्याच्या ताणलेल्या पोटऱ्या आणि घामेजलेले कपाळ पाहताना जाणवले, की एका जागी न पडता राहणे हेही केवढे कष्टाचे काम असते! जिलब्या त्याने सर्वांना वाटल्या, आणि एक स्वतः खाल्ली.