धाकट्याचे गणपती

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

नदीपात्रातल्या ढोलपथकांचा सराव शेवटाला आलाय. खिडक्या लावल्या तरी ढोल घरात येतोच. धाकट्या भावाला ढोल आवडतो. गजांना छाती टेकवून उभा राहतो आणि हादरा अंगात घेतो. ताशा मात्र नको. तडतड सुरू झाली की कान दाबून थेट बाथरूममध्ये. "ऑटिझम ना, मग आवाज सोसत नसेल," असं म्हणणाऱ्यांना हे सांगून पटत नाही. चोवीस वर्षांच्या या माणसाला काही आवाज टोचतात आणि काही हवेच असतात. डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात २०१३ साली या दोन्ही बाजू निकषांत आल्या. घरच्यांना त्या आधीपासून ठाऊक होत्या.

२५ ऑगस्ट, सोमवार

चटण्यांचा दिवस. मिक्सर धाकट्यानेच लावला. दुसऱ्या कुणी न सांगता लावला तर तो गॅलरी गाठतो. स्वतः बटण फिरवलं की भांड्यावर हात दाबून हसत उभा. आवाज तोच, भांडं तेच.

लिओ कॅनरने बाल्टिमोरमध्ये ११ मुलं पाहून १९४३ साली जो लेख लिहिला, त्यात हे आहे. व्हॅक्यूम क्लीनरला, लिफ्टला घाबरणारी मुलं स्वतः मात्र तेवढाच गोंगाट खुशाल करतात; त्यांना नको असतो तो बाहेरून अंगावर येणारा आवाज. इतकं साफ लिहून ठेवलेलं असताना "सवय होईल हळूहळू" हा सल्ला आपल्याकडे अजून फुकट वाटला जातो.

म्हणून घरात आवाज करायचा तर आधी सांगायचं, नाहीतर बटण त्याच्याकडे द्यायचं. कुकरपुढे इलाज नाही. शिट्टी केव्हा मारायची ते कुकरच ठरवतो. वरण-भात धाकटा अंघोळीला गेला की लागतो.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा आले. उदबत्ती नाही, धूप नाही, नुसतं निरांजन. कापूर शेवटी, खिडकी उघडून. आरतीला झांज धाकट्याच्याच हातात. ताल त्याचा, आम्ही त्याच्यामागून. 'सुखकर्ता'ची लय आज जरा घाईतच गेली.

नव्या कुर्त्याचं लेबल मी उसवलं होतं, पण काखेतली शिवण टोचली. मग जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला सुती सदरा. मामी म्हणालीच, "सणासुदीला हे काय जुनेर?" आई म्हणाली, "वहिनी, सण त्याचाही आहे."

मामाने लाडाने गालावरून बोटं फिरवली आणि धाकटा चटका बसल्यासारखा मागे सरला. मामा हिरमुसला. त्याला म्हटलं, कुरवाळू नकोस, खांदा घट्ट दाब. दाबला. मग धाकटा त्याचा हात सोडेचना.

३० ऑगस्ट, शनिवार

न्यू जर्सीच्या चुलत बहिणीचा फोन. वजनदार ब्लँकेट पाठवू का, म्हणे. ब्रिटनमध्ये ६७ मुलांवर त्याची चाचणी झाली होती, २०१४ साली 'पेडिअॅट्रिक्स'मध्ये आली. झोप काही वाढली नाही. पण मुलांना आणि आईबापांना साध्या ब्लँकेटपेक्षा तेच जास्त आवडलं. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. आवडणं हेही काही थोडं नव्हे.

आमच्याकडे आजीची गोधडी आहे, लुगड्यांच्या थरांची, भिजली तर दोघांनी पिळावी लागते अशी. तो ती स्वतः ओढून घेतो आणि नको झाली की लाथेने उडवतो. थेरपिस्ट बाईंची अट एवढीच: पांघरूण त्याचं त्याला काढता आलं पाहिजे.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन. हळदीकुंकवाला बायकांची रीघ. मागच्या खोलीची ट्यूब बंद, पडदा ओढलेला, दाराला कडी आतून. सकाळी पुरणपोळीची कणीक त्याच्याकडून तिंबून घेतली. जोर लावायचं काम झालं की तो दोनेक तास निवांत असतो. ताटात सगळं वेगवेगळ्या वाट्यांत. कोशिंबिरीचं पाणी भाताला लागलं तर जेवण संपलं.

एका पाहुणीने विचारलं, "तो सारखा पुढेमागे का झुलतो? थांबवत नाही का तुम्ही?" नाही थांबवत. त्याचं औषध त्यानेच शोधलंय.

३ सप्टेंबर, बुधवार

रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, असा २००० सालचा नियम आहे. तो घेऊन भांडायला गेले असते तर वर्षभराचं वैर. त्याऐवजी मंडळाच्या पोरांना विचारलं, स्पीकर लावायच्या दहा मिनिटं आधी मोबाईलवर कळवाल का? काल दोन्ही वेळा कळवलं. धाकट्याने निरोप ऐकला आणि बोहरी आळीतून आणलेले, कारखान्यात वापरतात तसले इअरमफ स्वतःच चढवले. एरवी ते खुंटीवर असतात. दिवसभर लावले तर साधे आवाजही जड जायला लागतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रस्त्याची मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते, म्हणून भोरला आत्याकडे जायचं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी आईने त्याच्यापुढे दोन फोटो ठेवले, आत्याच्या घराचा आणि आपल्या खिडकीचा. त्याने आत्याचं घर पालथं घातलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पालथं.

म्हणजे थांबायचं. ढोल त्याला हवाय. ताशाचं काय करायचं ते तोच बघेल, मागची खोली तयार ठेवते. आत्याने आमच्यासाठी अळूवड्या करून ठेवल्यात. तिला फोन आईने करावा, मी करणार नाही.