जुने दगड

मे महिन्याच्या सुट्टीत शारजाला भाईजानकडे गेले, तेव्हा भाचा मासे आणि प्रवाळ मोठ्या टाकीत हलवत होता. मासे जुन्या पाण्याच्या बादलीत ठेवून त्यानं तासभर थेंब थेंब नवं खारं पाणी सोडलं. जुने, शेवाळलेले दगडही नव्या टाकीत मांडले.

"हे कशाला रे?"

"फुफी, मासे अमोनिया सोडतात. तो संपवणारे जिवाणू या दगडांतच असतात. नुसत्या स्वच्छ टाकीत मासे जगणार नाहीत."

मी गप्प झाले. अम्मीला गावाहून आमच्या मोठ्या फ्लॅटमध्ये आणताना तिची बाज, पानदान जुनाट म्हणून तिथंच टाकलं होतं. तेव्हापासून ती धड जेवत नव्हती.

परतल्यावर पहिल्याच रविवारी गावी जाऊन दोन्ही घेऊन आले. अम्मी काही बोलली नाही. पण इशाच्या नमाजनंतर तिनं शेजारणीला हाक मारून पान लावून दिलं.