मुख्याध्यापक कुठल्या वर्गात बसतात?

संपादकांचा फोन आला. "चांगली शाळा कशी ओळखायची एवढंच सांगा, पण परिपत्रकाच्या भाषेत नको." केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ही अट जड जाते. तरी बघतो.

ओतूरच्या कांदा बाजारात ओळखीचा शेतकरी भेटला की हमखास विचारतो, "सर, पोराला मराठी शाळेतच ठेवू का इंग्लिश मीडियमला घालू?" मी म्हणतो, आत्ताची शाळा कशी आहे? उत्तर ठरलेलं: भिंती रंगवल्यात, टीव्ही आलाय, गॅदरिंग झकास झालं. त्याच्या कांद्यावर बोली लावताना व्यापारी गोणीत हात घालून तळाचा माल वर काढून बघतो. शाळेचा भाव मात्र हा भिंत पाहूनच ठरवतो!

तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत (नाव सांगत नाही) तिसरीतल्या मुलीची वही मध्यंतरी हातात आली, ती डोक्यातून जात नाही. ५२ वजा २७, उत्तर ३५. त्यावर फुली आणि लाल शाईत २५. पुढच्या पानावर ६१ वजा ३८, उत्तर ३७. पुन्हा फुली, लाल शाईत २३. आता नीट बघा. मुलगी 'ढ' नाही. प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे: सातातून दोन गेले पाच, आठातून एक गेला सात. नियम चुकीचा आहे, पण तो ती काटेकोर पाळते आहे. एक दशक सुटा करून त्याचे दहा एकक करायचे असतात, हे तिने स्वतःच्या हाताने कधी केलेलंच नव्हतं. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे कपाटात होते, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. गुरुजींनी वही तपासली होती. चूक का झाली हे पाहिलं नव्हतं. आणि गुरुजींखेरीज ती वही कुणीच उघडली नव्हती.

माझ्या लेखी मुख्याध्यापकाचं मुख्य काम ते. दुसऱ्याच्या वर्गात मागे जाऊन बसायचं, चार वह्या उघडायच्या आणि मधल्या सुट्टीत त्या शिक्षकाशी बोलायचं, त्याचा अपमान न करता. लॉगबुकात 'पाठ समाधानकारक' असा शेरा मारणं म्हणजे निरीक्षण नव्हे.

पण असा मुख्याध्यापक आणायचा कुठून? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, आणि मुख्याध्यापक हवा तर पट दीडशेच्या वर. आमच्या वाड्यावस्त्यांवर दीडशे मुलं कुठली? मग दोघांतला ज्येष्ठ तो 'प्रभारी'. त्याने दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवायच्या, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब ठेवायचा, यू-डायसची माहिती भरायची, शिवाय बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत असं कलम २७ म्हणतं. मतदारयादी निवडणुकीत बसते, आणि ती काही संपत नाही. असा माणूस सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसला तर त्याचा स्वतःचा वर्ग वाऱ्यावर. बैठकीत मी दीडशेचा विषय काढला की लोक घड्याळाकडे बघत. बघोत.

ही उणीव भरून काढायला १९९४ मध्ये राज्यात ४,८६० केंद्रं झाली, प्रत्येकाला एक केंद्रप्रमुख. आम्ही शाळांत बसून मदत करायची होती. प्रत्यक्षात 'तातडीची माहिती' गोळा करून वर पाठवण्यातच दिवस मावळायचा.

२०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जागतिक पुरस्कार मिळाला. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? पण तेव्हापासून जो तो म्हणतो, "वारे गुरुजींसारखा एक माणूस आम्हाला द्या." तिथल्या दत्तात्रय वारे यांचं काम मोठंच आहे. पण जिल्ह्यात शाळा हजारोंनी आहेत. इतके वारे गुरुजी बदल्यांच्या पोर्टलवर मिळत नाहीत. साधा, बऱ्यापैकी शिक्षकही चांगला मुख्याध्यापक होऊ शकतो, त्याला तेवढा वेळ मिळाला तर. माझं सारं म्हणणं त्या वेळेपुरतं आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या सभेला रंगाचं बिल मंजूर करण्याआधी विचारा: गेल्या महिन्यात मुख्याध्यापक कुठल्या वर्गात बसले आणि त्यांना तिथे काय दिसलं? "वेळच मिळाला नाही" असं उत्तर आलं तर त्यांच्यावर ओरडू नका. तिथेच ठराव करा आणि जुन्नरच्या पंचायत समितीला पाठवा: आम्हाला वर्गाचा भार नसलेला मुख्याध्यापक द्या, तीन वस्त्यांच्या शाळांत मिळून एक असला तरी चालेल.