सावडीचे छप्पर आणि हक्काची पट्टी

वाचकहो, ‘गाव करील ते राव काय करील’ ही आपली म्हण जपानी शेतकऱ्याला सांगितली, तर तो लगेच मान डोलावील. पोलंडचा शेतकरी मात्र म्हणेल, ‘माझ्या अंगणात मी सुभेदाराच्या तोडीचा!’ तिकडे अशा अर्थाची जुनी म्हणच आहे. चला, आज या दोघांच्या गावी जाऊन येऊ.

आधी जपान. गिफु प्रांतातल्या डोंगरांत शिराकावा खोरे आहे. त्यात ओगिमाची हे गाव. हिवाळ्यात तिथे पुरुषभर बर्फ पडतो. घरांची गवती छपरे इतकी उभी, की कुणी नमस्काराला हात जोडलेत असे वाटावे. त्यांचे ‘गाश्शो’ हे नावही जोडलेल्या हातांवरूनच पडले आहे. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत.

हे छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने शाकारावे लागते. एकट्या घराच्या आवाक्यातले हे काम नव्हे. मग शंभर-दोनशे माणसे जमतात आणि एक-दोन दिवसांत काम उरकतात. ज्याचे छप्पर झाले, त्याने पुढे दुसऱ्याकडे राबायचे. तिकडे याला ‘युइ’ म्हणतात. आपली सावडच ती! आता बरीच छपरे कंत्राटदार शाकारतात, तरी युइ पुरती मोडलेली नाही. १९९५ साली या गावाची जागतिक वारशात नोंद झाली.

ही सवय भाताने लावली. एकाच पाटाचे पाणी वरच्या खाचरातून खाली यायचे. एकाने हट्ट धरला, तर साऱ्यांची लावणी खोळंबायची. पण या एकीला दुसरी बाजूही आहे, बरे का. गावाचा शब्द मोडणाऱ्याशी लोक व्यवहार तोडत. आग लागली किंवा मयत झाली, तरच मदतीला जात. याला म्हणत ‘मुरा हाचिबु’. दहांतले आठ संबंध तुटले, दोन उरले! आपल्याकडच्या वाळीत टाकण्यासारखेच हे. आपल्या राज्यानेही २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, हे आपण जाणताच.

आता पोलंड. क्राकूव्ह शहराजवळ सुवोशोवा नावाचे गाव आहे. मैलोन्‌मैल एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरे आणि घरांमागे टेकडीवर चढत गेलेल्या शेतांच्या अरुंद पट्ट्या. वरून पाहिले तर पट्ट्यापट्ट्यांचे लुगडे वाळत घातल्यासारखे दिसते. पट्टी लहान असेल, पण हक्काची! १९४८ पासून सरकारने सामुदायिक शेतीचा आग्रह धरला. शेतकरी बधला नाही. १९५६ साली सक्ती ढिली होताच बहुतेक सामुदायिक शेते मोडली. कम्युनिस्ट राजवट १९८९ पर्यंत टिकली, पण तीन-चतुर्थांशाच्या आसपास जमीन कुटुंबांकडेच राहिली.

या स्वाभिमानाचीही किंमत मोजावी लागली. जुन्या पोलंडच्या संसदेत एका सभासदाने ‘नाही’ म्हटले, की सारे अधिवेशन उधळले जाई. १६५२ पासून हा प्रकार बोकाळला. १७९१ साली तो बंद केला, पण फार उशीर झाला होता. १७९५ साली शेजाऱ्यांनी उरलेला देश वाटून घेतला. पुढे १२३ वर्षे पोलंड नकाशावर नव्हता.

तरी हेच लोक संकटात एक होतात. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. छावणीत त्यांनी शाळा चालवल्या, नाटके बसवली. पुढे १९८१ साली पोलिश शेतकऱ्यांनी सरकारशी झगडून आपली स्वतंत्र संघटना नोंदवून घेतली.

मंडळी, एक गाव हात जोडायला शिकवते, दुसरे ताठ मानेने उभे राहायला. छप्पर शाकारायला सावड हवीच. पण सगळे ‘हो’ म्हणत असताना ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही त्याच छपराखाली जागा हवी. आपल्या गावात ती आहे का? आज जेवणे झाल्यावर घरात एकदा बोलून पाहा.